सराफी भिंग आणि चार मिलिमीटरचा शंख

गोव्यातील एका स्नेह्यांनी खोल समुद्राच्या गाळातून चाळून काढलेला ‘सेग्वेन्झिया’ वंशातील गोगलगाईचा शंख काचेच्या नळीत घालून दिला, तेव्हा खानापुरात बसून तो पाहायचा कशाने, हाच प्रश्न होता. उंची जेमतेम चार मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना तांदळाची कणीच. शेवटी शहापूरच्या सराफ गल्लीतील एका दुकानातून दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग साडेतीनशे रुपयांना घेतले. शंख पाहायचा आहे म्हटल्यावर दुकानदार म्हणाले, “सर, हॉलमार्क दिसतंय म्हटल्यावर शंख दिसतंयच की.”

दिसला, आणि अपेक्षेहून चांगला दिसला. पातळ बाह्यस्तराखालून झळकणारी मोत्याची झाक, वेढ्यांवरचे बारीक कंगोरे, आणि मुखाच्या ओठावरील ती खोल खाच, जिचा आकार वाढीच्या प्रत्येक रेषेत नागमोडी उमटत जातो, हे सारे या भिंगातून स्पष्ट कळते. ब्रिटिश शंखतज्ज्ञ जेफ्रीज यांनी १८७६ साली या वंशाला नाव दिले. त्याआधी तेहेतीस वर्षे, म्हणजे १८४३ मध्ये, सुमारे ५५० मीटरांखाली समुद्रात जीवसृष्टी नसावी असे ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ फोर्ब्स यांनी मांडले होते, हे आठवले की ही खाच न्याहाळताना अधिकच मौज वाटते.

शेंड्यावरचे गर्भकवच, म्हणजे गोगलगाईचे अगदी सुरुवातीचे कवच, मात्र या भिंगाच्या हाती लागत नाही. ते सुमारे पाव मिलिमीटरचे. दहापट करूनही अडीच मिलिमीटरच, त्यामुळे जाती ठरवण्यासाठी सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही.

खरी तक्रार वेगळीच आहे. चौकटीवर ‘ट्रिपलेट’ असे कोरलेले असले, तरी आलेख-कागदावर धरताच कडेच्या रेषा वाकतात आणि त्यांना निळी-पिवळी किनार येते. तीन काचा जोडलेल्या चांगल्या भिंगात असे होऊ नये. दुकानातच हे तपासायला हवे होते. शिवाय वस्तू भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर धरावी लागत असल्याने हाताची सावली पडते, म्हणून दिवा बाजूने ठेवावा.

भिंगासोबत मिळालेल्या लाकडी डबीत शंख मुळीच ठेवू नये, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लवाफा चुनखडीचे कवच हळूहळू खातात. तो काचेच्या नळीतच राहू द्यावा, ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलावा, आणि त्याआधी पंखा बंद करावा. माझा शंख एकदा उडाला, तो शोधायला पाऊण तास लागला.