एसईव्ही-एसएनपी की टीडीएक्स?

लातूरच्या एखाद्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर संभाजीनगरातल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतं, तेव्हा कळीचा प्रश्न एकच: तिथल्या ॲडमिनला खातेदारांची माहिती मेमरीतून वाचता येते का? केव्हीएमवर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर, एसईव्ही-एसएनपी आणि टीडीएक्स हे व्हीएमची मेमरी एन्क्रिप्ट करणारे दोन्ही पर्याय ती वाट अडवतात, पण रीत वेगळी.

एएमडीच्या एसईव्ही-एसएनपीत एन्क्रिप्शनच्या किल्ल्या चिपमधला स्वतंत्र सिक्युअर प्रोसेसर सांभाळतो. मेमरीचं कोणतं पान कोणत्या व्हीएमचं, याची नोंद आरएमपी नावाच्या तक्त्यात असते. सातबाराच म्हणा, फक्त इथे तलाठ्याला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या हायपरव्हायजरला, परस्पर फेरफार करता येत नाही. इंटेलच्या टीडीएक्समध्ये इंटेलची सही असलेलं एक मॉड्यूल हायपरव्हायजर आणि व्हीएमच्या मध्ये बसतं.

खरा फरक पडताळणीत, म्हणजे व्हीएम खरंच अशा संरक्षणात चालतोय याची खात्री करण्यात. एसएनपीच्या अहवालावर चिपच्या किल्लीने थेट सही होते; एएमडीकडून प्रमाणपत्र उतरवून ठेवलं की फर्मवेअर बदलेपर्यंत भागतं. टीडीएक्सला त्यासाठी एसजीएक्स या इंटेलच्याच तंत्राचं एन्क्लेव्ह (मेमरीतला संरक्षित कप्पा) लागतं, वर बहुधा प्रमाणपत्रं साठवून ठेवणारी कॅश सेवाही. दोन माणसांच्या आयटी विभागाला हा व्याप नको वाटेल, आणि त्यांचं चूक नाही.

मुख्य लिनक्स कर्नलमध्ये एसएनपीचा होस्ट सपोर्ट (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरच्या बाजूचा) 6.11 मध्ये, 2024 साली आला; टीडीएक्सचा 6.16 मध्ये, 2025 साली. एसएनपी एएमडीच्या तिसऱ्या पिढीच्या एपिक प्रोसेसरवरही चालतं, त्यामुळे जुना सर्व्हरही चालेल. माझं मत एसएनपीला. इंटेलचा नवा झिऑन प्रोसेसर आधीच घेतलेला असेल तर मात्र टीडीएक्सच वापरा.

होस्टवाला व्हीएम बंद पाडू शकतो, हे दोन्हींत तसंच राहतं. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी हवाच.