नवी म्हणून माझीच हार्ड डिस्क मला विकली

सांगलीत लॅपटॉप रिपेअरला टाकणार असाल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

माझा लॅपटॉप आठ वर्षं जुना, आत ५०० जीबीची साधी फिरणारी डिस्क, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. दोन-तीन हळदीच्या अडत्यांचे हिशोब मी घरी बसून लिहितो, ते त्यात. पण जीव अडकला होता तो फोटोंत. २०१९ च्या पुरात कृष्णामाई घरात आली तेव्हा अल्बमचा पार लगदा झाला, भाच्यानं आधी स्कॅन करून ठेवलेले तेवढेच वाचले, आणि ते याच डिस्कवर. कॉपी? आज करू उद्या करू.

तर एके दिवशी टक्क असा आवाज यायला लागला. दर दीड-दोन मिनिटांनी एकदा, लॅपटॉप नुसता पडून असला की जास्तच. नेटवर बघून स्मार्टसीटीएल ही डिस्कची तब्येत सांगणारी कमांड टाकून रिपोर्ट काढला, तर त्यात लोड सायकल काउंट, म्हणजे डेटा वाचणारं हेड किती वेळा आत-बाहेर झालं तो आकडा, ४ लाख १२ हजार! माझं धाबंच दणाणलं. स्क्रीनचे मोबाईलवर दोन फोटो काढून भाच्याला पाठवले, पण त्याची परीक्षा चालू, त्यानं बघितलेच नाहीत, आणि मला कुठला धीर, मी तसाच लॅपटॉप उचलून दुकानात.

दुकानदारानं लॅपटॉपला कान लावला, डॉक्टर लावतो तसा, आणि म्हणाला, "काका, हेड गेलं. लिनक्स टाकलंय न्हवं, त्यानंच खाल्लं. आता चालू करू नका, सगळा डेटा जाईल." डेटा रिकव्हरी साडेसहा हजार, नवी डिस्क साडेतीन, एकूण दहा. चार ॲडव्हान्स दिले. पावती म्हणून कार्डाच्या मागं पेननं लिहिलेला आकडा.

चार दिवसांनी फोन आला, "नशीबवान हाय काका, सगळं निघालं." लॅपटॉप चालू करून दाखवला, फोटो बघितले आणि खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं, उरलेले सहा हजार मोजून दिले. जुनी डिस्क मागितली तर म्हणे भंगारात टाकली. मीही म्हणलं जाऊदे, मेलेली डिस्क घेऊन काय करू.

घरी आलो, रात्री जेवून बसलो, आणि टक्क. नवी कोरी डिस्क आणि तोच आवाज!

परत रिपोर्ट काढला. चालू तास ११,२०७. नव्या डिस्कला अकरा हजार तास? मग मोबाईलमधला जुना फोटो काढला, त्यात ११,२०४. सीरियल नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला, तोच. डेटा क्लोन केला तर नव्या डिस्कवर पण सगळं जसंच्या तसं दिसतं, त्यावरून काही कळत नाही, पण सीरियल नंबर डिस्कच्या स्वतःच्या पोटात असतो, तो कॉपी होत नाही. म्हणजे डिस्क बदललीच न्हवती, चार दिवसांत ती जेमतेम तीन तास चालली होती, आणि त्याचे मी दहा हजार दिले.

भाचा परीक्षा संपवून आला, फोटो बघून म्हणाला, "मामा, डिस्क ठणठणीत आहे की ओ." रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग सेक्टर शून्य, म्हणजे डिस्कवर खराब झालेली किंवा संशयास्पद जागा नाही; हे दोन आकडे वाढायला लागले तर घाबरायचं. आवाज कशाचा, तर वीज वाचवायला डिस्क हेड बाजूला नेऊन पार्क करते, लिनक्स मधूनमधून काहीतरी बारीकसारीक लिहीत असतं, की हेड परत आत, परत बाहेर. प्रत्येक फेरी त्या काउंटमध्ये धरली जाते. २००७ च्या सुमाराला उबुंटू (हेही लिनक्सच) वापरणाऱ्यांत याच गोष्टीवरून केवढा गदारोळ झाला होता म्हणे. त्यानं एचडीपार्म कमांडनं बी ची (डिस्कनं वीज किती वाचवायची त्याची) व्हॅल्यू २५४ केली, आवाज बंद. दोन मिनिटांचं काम, फुकट. (रीस्टार्ट केलं की सेटिंग उडतं, म्हणून कॉन्फिग फाईलमध्ये पण टाकून दिलं.) अशा डिस्कला साधारण ६ लाख फेऱ्या धरतात म्हणे, म्हणजे माझी म्हातारी झालीय पण मेलेली न्हवती.

आता खरंच हेड गेलं असेल तर कसं कळतं तेही सांगतो. चालू करताच टक टक टक एका लयीत वाजत राहतं, बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंग स्क्रीनवर) डिस्क बहुतेक वेळा दिसतच नाही. तेव्हा मात्र लगेच बंद करा. आणि ती डिस्क उघडायला धूळ नसलेली खोली लागते, काउंटरवर स्क्रू ड्रायव्हरनं उघडून हेड बदलतो म्हणणाऱ्याला देऊ नका. डिस्क देताना सीरियल नंबरचा फोटो काढा, पक्कं बिल घ्या, जुना पार्ट परत मागा.

दोन्ही फोटो घेऊन दुकानात गेलो. आधी म्हणाला सॉफ्टवेअर काय पण दाखवतंय. मग भाच्यानं तिथंच मागचं झाकण उघडून डिस्कवरचं लेबल वाचून दाखवलं, तेव्हा "पोराकडून चूक झाली" वर आला. साडेतीन हजार परत दिले, बाकीचे साडेसहा "मेहनतीचे". १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केलीय, पण पक्कं बिल नाही हीच माझी अडचण.

परवा त्याच रस्त्यानं येत होतो. काउंटरवर एक मावशी लॅपटॉप घेऊन उभ्या होत्या आणि हा त्याला कान लावून ऐकत होता. गाडी थांबवली, पण आत गेलो नाही, ते काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून आज हे लिहिलं.