वॉकर आडनावाची फ्रेम: चौकट सुरेख, मजकूर चुकीचा

उत्तर इंग्लंडमध्ये, लीड्सला आमच्या पहिल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला, तेव्हा शेजारचे वॉकर आजोबा स्वतःचा हीटर उचलून आमच्या दारात आले होते. यंदा त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. खास त्यांचं असं काहीतरी द्यावं, म्हणून आडनावाचा इतिहास छापून देणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून फ्रेम मागवली. टपालखर्चासकट 38 पौंड.

वस्तू म्हणून तक्रार नाही. पाच दिवसांत आली, काचेला ओरखडा नाही, ओकच्या रंगाची चौकट, जाड पिवळसर कागद. वर रंगीत ढाल, तिच्याखाली ‘वॉकर घराण्याचं मानचिन्ह’ आणि मग सहा ओळी: वॉकर म्हणजे राजाच्या जंगलात गस्त घालत फिरणारा रखवालदार. मी ते वाचलं, छान वाटलं आणि तसंच बांधून दिलं.

आजोबांनी भिंग घेऊन सगळं वाचलं. मनापासून आभार मानले. चहा झाल्यावर मात्र हळूच म्हणाले, “आमचे लोक फिरणारे नव्हते गं. कापड तुडवणारे होते.”

त्यांचं बरोबर होतं. जंगलातल्या रखवालदारालाही वॉकर म्हणत, पण या आडनावाचं मुख्य मूळ ते नाही. जुन्या इंग्रजीत ‘वॉक’च्या मूळ क्रियापदाचा अर्थ लोळवणं, घुसळणं असा होता, चालणं हा अर्थ नंतर आला. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. ते हौदात टाकायचं, त्यावर शिळं मूत्र ओतायचं आणि तासन्‌तास पायांनी तुडवायचं. मूत्रातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटतो, तुडवल्याने लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि घट्ट होतं. यॉर्कशरच्या वाऱ्यापावसात उबेला येईल असं कापड त्यातूनच मिळायचं. तेल शोषून घ्यायला एक मातीही वापरत. इंग्रजीत तिला ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याची माती, म्हणतात. ती म्हणजे आपली मुलतानी माती! माझी आई दर उन्हाळ्यात चेहऱ्याला लावायची ती माती या धंद्याचं नाव घेऊन बसली आहे, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

या एकाच कामाची तीन आडनावं आहेत. आग्नेय इंग्लंडमध्ये फुलर, नैऋत्येला डेव्हनकडे टकर आणि उत्तरेला वॉकर. पूर्वज कुठल्या मुलखातले असावेत, याचा अंदाज नुसत्या आडनावावरून बांधता येतो. छापील इतिहासात ही एक ओळ असती, तरी मी पैसे वसूल झाले म्हटलं असतं.

लीड्सच्या पूर्वेला टेंपल न्यूसम ही जुनी हवेली आणि बाग आहे. आम्ही मुलांना घेऊन तिथे कितीदा गेलो असू. टेंपलर या मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या 1185 च्या मालमत्तेच्या नोंदीत तिथे कापड घट्ट करणारी पाणचक्की होती. इंग्लंडमधल्या अशा गिरण्यांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. पाण्याच्या चाकावर लाकडी हातोडे उचलले जायचे आणि कापडावर आपटायचे. वंशपरंपरेने चालणारी आडनावं सामान्य लोकांत रुजली ती त्यानंतर, तेराव्या-चौदाव्या शतकांत. म्हणजे हे आडनाव मिळालेल्या कित्येकांनी हौदात पायही घातला नसेल, नुसते हातोडे सांभाळले असतील. पाय सुटले, नाव राहिलं. हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं.

आता ढालीबद्दल. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. ही नोंद ठेवणारं कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून लंडनमध्ये आहे. कुठल्या तरी एका वॉकरची ढाल सगळ्या वॉकरांना विकणं ही सरळ फसवणूक आहे. मी दुकानाला तसं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: नाव छापलेली वस्तू परत घेत नाही. मजकुराबद्दल एक शब्द नाही. कुणाच्या आडनावावर पैसे घेताना एवढी बेपर्वाई मला सहन होत नाही.

चौकटीला पाचपैकी चार तारे, मजकुराला एकही नाही. तेवढ्याच पैशांत, ज्याला भेट द्यायची त्या माणसाला आर्मली मिल्सला घेऊन जा. आगीत जळाल्यावर लीड्सचा कापड उद्योजक बेंजामिन गॉट याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उभारलेली ही लोकरीची गिरणी आता संग्रहालय आहे. आम्ही आजोबांना घेऊन गेलो. तिथल्या बाकावर बसून मी त्यांना सांगोल्याचं सांगितलं. माझे आजोबा खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायचे आणि पावसाळ्यात अख्ख्या घराला ओल्या लोकरीचा वास यायचा. वॉकर आजोबांनी चिंचोका म्हणजे काय ते तीनदा विचारून घेतलं. माझ्या आजोबांच्या हाताला त्या खळीने घट्टे पडायचे का, हेही विचारलं. पडायचे.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी फ्रेमचा मागचा पुठ्ठा काढला. छापील कागद बाजूला ठेवला. मी हाताने नवीन मजकूर लिहिला आणि खाली, त्यांच्या आग्रहावरून, देवनागरीत ‘कापड तुडवणारे’. कोपऱ्यात जुन्या घोंगडीचा बोटभर तुकडा चिकटवला. फ्रेम आता त्यांच्या दारात आहे, कोट अडकवायच्या खुंट्यांच्या वर.