सोलापूरच्या बुधवार पेठेतलं गाठमंत्रांचं दुकान

आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेही अपरात्री. म्हणून या दुकानातून पहिल्यांदा 'नळगाठ' घेतली, म्हणजे मंत्र घातलेलं गाठीचं सूत, २० रुपयांना. सूत तोडून अर्धं तोटीला बांधायचं, अर्धं आपल्या मनगटाला. पाणी सुटलं की मनगट गार पडतं, जाग येते. दोन महिन्यांत एकदाही हंडा रिकामा राहिला नाही.

दुकानातल्या मावशी आधी सूत चिमटीत धरून बघायला लावतात. चादरीच्या मागावरचं उरलेलं सुतीच लागतं, पॉलिस्टरवरून मंत्र निसटतो. एक गाठ एक घटका टिकते, म्हणजे २४ मिनिटं. नळगाठ तेवढी वेगळी, ती पाण्याची वाट बघत थांबते.

'गारवागाठ' जपून वापरा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, म्हणून माठाला बांधली. पाणी गार झालं, पण निघालेली उष्णता शेजारच्या दह्यात शिरली आणि दही आंबून गेलं. मावशी म्हणाल्या, "अगं, माठाखाली ओली वाळू घालायची, उष्णता तिच्यात उतरते." हे पुडीवर लिहायलाच हवं होतं.

शेंगाचटणी कुटताना मुसळाला मात्र काही बांधू नका. मी बांधली. हात दुखला नाही, तेलही सुटलं, पण सासूबाईंच्या चटणीची चव आली नाही. ती हाताच्या जोरानंच येते.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत, पोरं हरवू नयेत म्हणून असलेली 'बोटगाठ' दुकानात संक्रांतीआधीच संपते. नातवासाठी हवी असेल तर डिसेंबरातच सांगून ठेवा.