घरातली बटणं संगणकाला जोडायची तर: रिले बोर्ड, वाय-फाय मॉड्यूल की झिगबी?

बाजारात काय मिळतं ते पाहण्याआधी घरातल्या एका स्विचबोर्डाची पट्टी उघडून आत पाहा. मेन स्विच बंद करा, टेस्टर लावून लाइन खरंच गेली आहे याची खात्री करा आणि बटणामागच्या वायरी मोजा. फेजची एक वायर आत येते, दुसरी दिव्याकडे जाते. तिसरी, म्हणजे न्यूट्रलची, तिथे आहे की नाही यावर निम्मा निर्णय ठरतो. सॉकेट असलेल्या बोर्डात न्यूट्रल असतेच. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात मात्र ती बहुतेक वेळा वर, दिव्यापाशीच थांबलेली असते.

दुसरी कसोटी आमच्या मते त्याहून मोठी आहे. संगणक बंद पडला, वाय-फाय गेलं, तरी भिंतीवरचं बटण दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे. घरात वयस्कर माणसं असतात, पाहुणे येतात. अंधारात चाचपडत बटण शोधणाऱ्याला मोबाइल उघडायला लावणं बरोबर नाही. खालचे पर्याय याच दोन कसोट्यांवर तपासले आहेत.

संगणकाला थेट जोडलेला रिले बोर्ड

समजायला हा सर्वांत सोपा आणि पूर्णपणे आपल्या ताब्यातला मार्ग. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने चालणारं विजेचं बटण. चार किंवा आठ रिलेंचा बोर्ड यूएसबीने जोडायचा, नाहीतर रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) यांच्या पिनांवरून चालवायचा. पहिली अडचण येते वीजपुरवठ्याची. ५ व्होल्टच्या नेहमीच्या निळ्या रिलेची कॉइल साधारण ७० मिलीअँपिअर घेते. आठही रिले एकदम ओढले की ५६० होतात आणि यूएसबी २.० चा पोर्ट देतो ५००. म्हणून चार दिवे सुरळीत चालतात, पण सातवा-आठवा लावला की रिले कडकड वाजून बोर्ड पुन्हा सुरू होतो. रिलेंना ५ व्होल्ट, किमान १ अँपिअरचा वेगळा अॅडॉप्टर द्या.

रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोचवून दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) असलेल्या बोर्डावर व्हीसीसी (सिग्नलच्या बाजूचा पुरवठा) आणि जेडी-व्हीसीसी (रिलेच्या कॉइलचा पुरवठा) यांना जोडणारा जंपर असतो. तो काढा, व्हीसीसीला पायचे ३.३ व्होल्ट द्या आणि जेडी-व्हीसीसीला वेगळ्या अॅडॉप्टरचे ५. जंपर तसाच ठेवून ५ व्होल्ट दिले तर रिले सोडण्यासाठी पिन हाय (३.३ व्होल्ट) केल्यावरही ऑप्टोकपलरवर पावणेदोन व्होल्टचा फरक उरतो आणि रिले कधी सुटतो, कधी सुटत नाही. आर्डुइनो ऊनोची खोड वेगळी: संगणकाने सिरियल पोर्ट उघडला की तो रीसेट होतो. म्हणजे प्रोग्रॅम नव्याने सुरू केलात की लागलेले दिवे जातात. रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. नवीन स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) चढवताना मात्र तो काढावा लागतो.

हातानं चालणारं बटण टिकवायचं असेल तर जिन्याचं वायरिंग (दोन बटणांनी एकच दिवा चालवणारं) कामाला येतं. रिलेला कॉमन, एनओ (एरवी तुटलेलं) आणि एनसी (एरवी जोडलेलं) अशी तीन टोकं असतात, म्हणजे तो टू-वे स्विचच झाला. भिंतीवरचं साधं बटण काढून तिथे टू-वे बसवा. फेज त्याच्या कॉमनला, त्याची उरलेली दोन टोकं रिलेच्या एनओ आणि एनसीला, आणि रिलेच्या कॉमनवरून वायर दिव्याला. आता बटण हलवा किंवा रिले, दिवा बदलतो. संगणक मेला तरी रिले एनसीवर विसावतो आणि बटण नेहमीसारखं चालतं. किंमत इतकीच की बटणापासून रिलेपर्यंत दोन वायरी ओढाव्या लागतात.

पण यात संगणक आंधळा असतो: रिले कुठे आहे हे त्याला माहीत असतं, दिवा लागलाय की नाही हे नाही. त्यासाठी दिव्याच्या टोकांवर एच११एए१ हा एसीवर चालणारा ऑप्टोकपलर लावतात. २३० व्होल्टच्या लाइनवर त्याच्या मालिकेत ४७ किलोओहमचे अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टर घाला. प्रवाह अडीच मिलीअँपिअरच्या आत राहतो. एकच मोठा रेझिस्टर घालून भागवू नका. लाइनचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि छोटा रेझिस्टर एकट्याने तेवढा ताण सहन करेलच असं नाही. ५० हर्ट्झच्या लाइनवर आउटपुट सेकंदाला १०० वेळा क्षणभर तुटतं, म्हणून प्रोग्रॅममध्ये एकदाच पिन वाचू नका. गेल्या ३० मिलीसेकंदांत पिन एकदा जरी लो (शून्य व्होल्टजवळ) दिसली तरी दिवा चालू धरा.

या मार्गाची मर्यादा अंतराची आहे. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरची. त्यापुढे आरएस-४८५ (लांब अंतराची तारांची जोडणी) वर चालणारे मॉडबस (त्यावरची निरोपांची भाषा) रिले बोर्ड घ्या. पीळ दिलेल्या दोन वायरींवर कमी वेगात १,२०० मीटरपर्यंत जाता येतं, फक्त दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर विसरू नका. सिग्नलच्या वायरी आणि मेन लाइन एकाच पाइपातून कधीही नेऊ नका. भिंती उघड्या असताना हा पर्याय उत्तम, रंग दिलेल्या घरात तो जिवावर येतो.

बटणामागे बसणारं वाय-फाय मॉड्यूल

भिंत न फोडता काम व्हायला हवं आणि बोर्डात न्यूट्रल असेल तर आमचा कल इकडे. फेज आणि न्यूट्रल मॉड्यूलला, त्याचं आउटपुट दिव्याला, आणि जुनं बटण त्याच्या एस१-एस२ टोकांना. बटण आता विजेचं न राहता नुसत्या निरोपाचं झालं. मॉड्यूल स्वतःच निर्णय घेतं, त्यामुळे राउटर बंद असला तरी दिवा लागतो. टास्मोटा किंवा ईएसपीहोम (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी वापरायची मुक्त सॉफ्टवेअर) चढवता येणारं मॉड्यूल निवडा. मग सगळा कारभार घरातल्या घरात एमक्यूटीटीवर (उपकरणांमधल्या निरोपांची एक पद्धत) चालतो आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडला म्हणून अडत नाही.

एक धोका ठळक सांगायलाच हवा. यातल्या बऱ्याच मॉड्यूलांमध्ये आतलं सर्किट मेन लाइनपासून वेगळं केलेलं नसतं. एस१-एस२ च्या वायरींवर आणि प्रोग्रॅमिंगच्या पिनांवरही पूर्ण व्होल्टेज असू शकतं. लाइन जोडलेली असताना त्याला यूएसबी-सिरियल लावू नका. संगणक जळेल आणि जिवावरही बेतू शकतं.

ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप घेऊन मॉड्यूल स्वतः बनवणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे बटण तिच्या जीपीआयओ ० या पिनेला जोडणं. बटण चालू स्थितीत असताना वीज जाऊन आली की ती पिन सुरुवातीलाच लो मिळते आणि चिप नवीन प्रोग्रॅमची वाट पाहत बसते. दिवा मेला, दोष सापडत नाही, आणि बटण बंद करून पुन्हा वीज दिली की सगळं ठीक! बटणासाठी ४, ५, १२, १३ किंवा १४ वापरा. बटणाचा संपर्क बसताना ५ ते २० मिलीसेकंद थरथरतो, म्हणून ५० मिलीसेकंद थांबून मगच बदल माना. आणि एमक्यूटीटीच्या आदेशांना रिटेन (शेवटचा निरोप जपून ठेवण्याची खूण) लावू नका, नाहीतर मॉड्यूल पुन्हा जोडलं गेलं की कालचा आदेश आज पाळतं आणि भर रात्री दिवे लागतात.

झिगबी

झिगबी म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या उपकरणांचं बिनतारी जाळं. न्यूट्रल नसलेल्या बोर्डांसाठी खरा पर्याय हाच. न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूल दिव्यातूनच चिमूटभर प्रवाह ओढून जिवंत राहतं. त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मंद उजळतो किंवा लुकलुकतो. दिव्याच्या होल्डरपाशी मॉड्यूलच्याच कंपनीचा बायपास कपॅसिटर समांतर जोडला की हे जातं. अशी मॉड्यूलं सहसा दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवत नाहीत, त्यामुळे जाळं विणायला न्यूट्रलवर चालणारी दोन-चार उपकरणं मध्ये लागतातच. संगणकाला लावायचा कोऑर्डिनेटर (झिगबीचं जाळं सांभाळणारी यूएसबी कांडी) यूएसबी ३.० च्या पोर्टात थेट खुपसू नका. त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो आणि लांबची उपकरणं गळतात. एक मीटरची एक्स्टेन्शन केबल आणि यूएसबी २.० चा पोर्ट एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. वाय-फाय १, ६ किंवा ११ वर असेल तर झिगबीला १५, २० किंवा २५ हे चॅनेल द्या.

केएनएक्स या घर-नियंत्रणाच्या मानकाची तारांची बस या तिन्हींपेक्षा भक्कम आणि तिन्हींपेक्षा महाग. बांधकामाच्या नकाशातच तिचा विचार झाला नसेल तर सोडून द्या.

लोडचा प्रश्न मात्र सगळीकडे सारखाच. रिलेवर १० अँपिअर छापलेले असले तरी ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी आहेत. एलईडीचे ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतात आणि रिलेचे संपर्क चिकटतात, मग दिवा बंदच होत नाही. पंप थेट रिलेवर घेऊ नका, मध्ये कॉन्टॅक्टर (मोठ्या लोडसाठीचा रिले) घाला. पंख्यासाठी १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर (मेन लाइनवर लावायच्या प्रकारचा) असा स्नबर (संपर्कांवरची ठिणगी शोषणारी जोडी) लावतात. तोच एलईडीच्या रिलेवर लावला तर २३० व्होल्टला त्यातून ७ मिलीअँपिअर झिरपतात आणि बंद दिवा उजळत राहतो.

नवीन बांधकाम असेल तर आरएस-४८५ आणि जिन्याचं वायरिंग. राहत्या घरात न्यूट्रल असेल तर वाय-फाय, पण मॉड्यूलं तीस-चाळीसच्या पुढे जाणार असतील तर सुरुवातच झिगबीने करा. साधे राउटर एवढी गर्दी पेलताना अडखळतात. न्यूट्रल नसेल तर झिगबीच. सुरुवातीला एकाच बोर्डावर काम करा आणि तो आठवडाभर वापरून पाहा. मग संगणक आणि राउटर दोन्ही बंद करून त्या बोर्डावरचं प्रत्येक बटण दाबून बघा, मेन स्विच एकदा पाडून पुन्हा चालू करा, आणि कोणते दिवे आपोआप लागले ते टिपून ठेवा. पुढच्या बोर्डाची पट्टी त्यानंतर उघडा.