रोख, भेटवस्तू की फलकावरचं नाव? कामगारांच्या कौतुकासाठी काय निवडावं

पन्नास ते दीडशे माणसांच्या कारखान्यात कौतुकाची योजना काढायची म्हटलं की चर्चा थेट बजेटवर जाते. त्याआधी एक गोष्ट बाजूला ठेवा: दिवाळीचा बोनस यात धरायचा नाही. २० किंवा जास्त माणसं असतील तर पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने मिळणारा हक्क आहे. तो कौतुक म्हणून वाटला तर शॉप फ्लोअरवर हसंच होतं.

रोख की वस्तू?

कामगारांना विचारलं तर बहुतेक जण रोखच मागतील. पण मागणी आणि परिणाम यांत फरक पडतो. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तीन तासांच्या नोंदणीच्या कामावर घेतलेल्या माणसांवर एक प्रयोग झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ठरलेल्या मजुरीवर ७ युरो जादा दिले, काहींना तेवढ्याच किमतीची पाण्याची बाटली गुंडाळून दिली. बाटलीवाल्यांचं काम सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, रोखवाल्यांचं जेमतेम. गंमत म्हणजे तेच ७ युरो देताना पाचच्या नोटेची घडी घालून शर्टाचा आकार केला आणि सोबत दोन युरोचं नाणं दिलं, तेव्हा रोखीचाही परिणाम बाटलीइतकाच झाला. देणाऱ्याने घेतलेली तसदी दिसते, म्हणून हे घडतं. अर्थात ते काम काही तासांचं होतं. वर्षभर दर महिन्याला बाटली देऊन तोच परिणाम मिळेल असं समजू नका.

हिशेबातही फरक आहे. रोख बक्षीस पगारात धरलं जातं आणि त्यावर पूर्ण कर लागतो. वस्तू किंवा व्हाउचरला १९६२ च्या आयकर नियमांत वर्षाला एकूण ५,००० रुपयांपर्यंत सूट होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे आजची मर्यादा सीएकडून लेखी घ्या. रोखीत वळवता येणारं व्हाउचर या सवलतीत बसत नाही. जीएसटीत एका कामगाराला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतची भेट पुरवठा मानली जात नाही, पण भेट म्हणून दिलेल्या मालावर इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो माल घेताना भरलेला जीएसटी वळता करता येत नाही. भेटीसाठी कुकर घाऊक दरात घेताना ही रक्कम बहुतेक जण विसरतात.

रोखीचा मोठा धोका वेगळाच. दर महिन्याला ठरावीक रक्कम सगळ्यांना मिळू लागली की काही महिन्यांत ती पगाराचाच भाग वाटू लागते. मंदीत ती बंद केली की युनियन विचारणारच, आणि प्रथेने मिळणारी सवलत काढण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे उत्तर देणाऱ्याला माहीत असावं.

तरीही एका ठिकाणी रोखच योग्य: मोजता येणारी बचत. ऑपरेटरने फिक्श्चर (मशीनवर सुटा भाग पकडून ठेवणारी जोडणी) बदलून रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, कमी केलं, तर तीन महिन्यांनी अकाउंट्सने बचत तपासावी आणि पहिल्या वर्षाच्या बचतीच्या ५ ते १० टक्के एकदाच द्यावेत. वरची मर्यादा आणि कल्पना दोघांची असल्यास वाटणी कशी, हे आधीच लिहून ठेवा. इथे लाखाची बचत करून देणाऱ्याच्या हातात कॉफीचा मग ठेवणं म्हणजे अपमान.

महिन्याचा मानकरी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर बिघडणारी पद्धत. ऐंशी माणसांत महिन्याला एकच नाव निघतं. पहिले तीन-चार महिने खरे गुणी निवडले जातात. मग सुपरवायझर ‘या वेळी पेंट शॉपला द्या’ म्हणून पाळी लावतो आणि फलकाकडे कुणी बघत नाही. मेंटेनन्स आणि स्टोअरची माणसं तर सहसा सुटतातच, कारण त्यांचं काम नीट झालं की दिसत नाही.

यापेक्षा घातक म्हणजे हजेरीचं बक्षीस. अमेरिकेतल्या औद्योगिक लाँड्रींमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की आधीपासून नियमित येणाऱ्यांचाच उत्साह या बक्षिसाने ओसरला आणि एकूण उत्पादकता घटली. महिन्यात एकदा उशीर होऊन बक्षीस हुकलं की उरलेले दिवस वेळेवर येण्याचं कारणही संपतं.

लेखी शाबासकी

खर्च जवळपास शून्य, पण लिहिता यायला हवी. ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ असं छापील प्रमाणपत्र कपाटात जातं. ‘दुसऱ्या शिफ्टमध्ये कूलंटची गळती ओळखून तुम्ही मशीन वेळीच थांबवलीत, त्यामुळे स्पिंडल वाचला’ हे घरी दाखवलं जातं. घटनेपासून आठवड्याच्या आत, शिफ्ट बदलताना पाच मिनिटांत, दोन्ही शिफ्टच्या माणसांसमोर द्या. चारचौघांत नाव घेतलेलं ज्यांना अवघड वाटतं, त्यांना बाजूला बोलावून.

महिन्याला ४,००० रुपये असतील तर एकाला ४,००० देण्यापेक्षा ५०० रुपयांच्या आठ वस्तू, प्रत्येकीसोबत अशी चिठ्ठी, हा पर्याय आम्ही निवडू. बचतीच्या बक्षिसाचा निधी मात्र वेगळा ठेवा.

कंत्राटी हेल्परना यातून वगळू नका. त्यांची रोख ठेकेदाराच्या पगारपत्रकातून जाताना अडकते किंवा उशिरा पोचते. वस्तू आणि चिठ्ठी कंपनीचा माणूस थेट हातात देऊ शकतो.