घरचा मिक्सर आणि गोठवलेली गुलाबी वाइन : एक परीक्षण

फ्रोझे म्हणजे गोठवलेली रोझे वाइन. तीत साखरेचा पाक आणि लिंबाचा रस घालून ती मिक्सरमध्ये फिरवली, की चमच्याने उचलता येईल इतके दाट, गुलाबी पेय तयार होते. २०१६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील बार प्रिमी या उपाहारगृहातून त्याचा बोलबाला झाला. पण ज्या गावात मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, त्या आमच्या जालन्याला ते अधिक शोभते, असे माझे मत आहे. प्रश्न एवढाच, की चटण्या आणि वाटणे करण्यासाठी घेतलेला घरगुती मिक्सर हे काम करतो का. या परीक्षणातील मिक्सर ७५० वॉटचा, स्टीलच्या तीन भांड्यांचा आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या वर्गातील बहुतेक यंत्रांना लागू पडते आणि त्यात तक्रारीही आहेत. मिक्सर हे काम करतो, परंतु फ्रीजरने त्याच्या आधी आपले काम चोख केले असेल तरच. म्हणून आधी फ्रीजरविषयी लिहिणे भाग आहे.

सुमारे बारा टक्के अल्कोहोल असलेली वाइन उणे पाच-सहा अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. पाण्याचे स्फटिक जसजसे वेगळे होतात, तसतसे उरलेल्या द्रवातील अल्कोहोलचे प्रमाण वाढत जाते आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. त्यामुळे उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवूनही वाइनचा टणक बर्फ होत नाही, तर ठिसूळ, ओलसर, बोटाने दाबला तरी खचणारा थर तयार होतो. मिक्सरला हेच मानवते. वाइन बाटलीसकट फ्रीजरमध्ये ठेवू नये, कारण गोठताना ती प्रसरण पावते आणि काच तडकू शकते. स्टीलच्या पसरट डब्यात बोटभर उंचीचा थर ओतावा आणि झाकण घट्ट लावावे, नाहीतर शेजारच्या मटारांचा आणि मासळीचा वास तीत उतरतो. बर्फाचा लहान कप्पा असलेल्या जुन्या एकदारी फ्रिजमध्ये एवढी थंडी सहसा मिळत नाही, आणि दुपारी लाइट गेली की जे थोडेफार जमले असेल तेही सैल पडते. ज्यांच्या भागात भारनियमन नित्याचे आहे, त्यांनी वाइन रात्री ओतावी आणि सकाळपर्यंत फ्रीजरचे दार उघडू नये.

आता मिक्सर. खरेदीच्या वेळीच दुकानदारांनी बजावले होते, "ताई, नुसता बर्फ यात फिरवू नका, पात्यांची धार जाते, आणि ते वॉरंटीत बसत नाही." हा सल्ला योग्यच आहे. गोठलेली वाइन बर्फापेक्षा पुष्कळ मऊ असल्याने पाती तिला सहज फोडतात, परंतु भांडे अर्ध्याच्या वर भरले तर पात्यांभोवती पोकळी तयार होते, खालचा भाग पातळ होऊन गरगर फिरत राहतो आणि वरचा गोळा भांड्याच्या कडेला तसाच चिकटून बसतो. अशा वेळी वेग वाढवून उपयोग नाही; मिक्सर बंद करून, लाकडी चमच्याने कडा खरवडून पुन्हा फिरवावे लागते. बटण सलग चालू ठेवण्यापेक्षा डावीकडे फिरवून थोडे थोडे झटके देणे कितीतरी चांगले. सलग मिनिटभर फिरवले की पात्यांच्या घर्षणाने आणि तापलेल्या मोटरच्या उष्णतेने सारा दाटपणा वितळतो आणि हाती महागडे सरबत येते. मोटरवर ताण आला तर खालचे लाल बटण उडते, ही सोय चांगली आहे. भांडे आधी पंधरा-वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवल्याने बराच फरक पडतो. झाकण मात्र बाहेरच ठेवावे, कारण थंडीने त्याची रबरी रिंग ताठरते आणि कडेने गळती सुरू होते. याच कारणामुळे या मिक्सरचा एक गुण मी कापते. फेसाळणारी वाइन तर बंद भांड्यात मुळीच फिरवू नये; आतल्या वायूच्या दाबाने झाकण उडते.

दुसरा गुण कापला जातो तो वासामुळे. ज्या भांड्यात लसूण घालून शेंगदाण्याची चटणी वाटली जाते, किंवा येसर (आमटीत घालायचे भाजलेल्या धान्य-मसाल्यांचे पीठ) दळले जाते, ते भांडे घासल्यावर स्टीलला वास राहत नाही, पण झाकणाच्या रिंगच्या खाचेत तो टिकून राहतो, आणि थंड पेयात तो पहिल्याच घोटाला कळतो. रिंग काढून, खाच जुन्या टूथब्रशने घासून, उन्हात वाळवली तर वास कमी होतो, जात नाही. कंपनीने सुटी रिंग सहज मिळेल अशी व्यवस्था करायला हवी होती. इथल्या बाजारात ती मिळवताना मला फार फिरावे लागले.

मिक्सरची खरी मर्यादा त्याहून मोठी आहे, आणि ती जुनीही आहे. अमेरिकेतील डॅलस येथील मारियानो मार्टिनेझ यांच्या उपाहारगृहात ब्लेंडरमधून निघणारी गोठवलेली मार्गारिटा (टकिला आणि लिंबाच्या रसाचे कॉकटेल) दर वेळी वेगळी लागत असे; म्हणून त्यांनी सॉफ्ट सर्व्ह आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून ११ मे १९७१ रोजी गोठवलेल्या मार्गारिटाचे पहिले यंत्र सुरू केले. आज ते वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे. ते यंत्र थंड करता करता ढवळत राहते, तर मिक्सर फक्त ढवळतो आणि त्या नादात गरमच करतो. घरी यावर उपाय आहे: एकदा फिरवलेले मिश्रण अर्धा तास पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवावे आणि वाढण्याच्या आधी दोन-चार झटके द्यावेत. यामुळे जो मुलायमपणा येतो, तो पाहता घरगुती स्लश यंत्रावर पैसे घालवण्याचे मला काही कारण दिसत नाही. पाचपैकी तीन गुण मी याच हिशेबाने देते.

वाइनच्या निवडीबद्दल थोडे. नाशिककडची रोझे आता जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा मिळते, आणि असलेल्यांतली गडद रंगाची घ्यावी, कारण फिरवताना मिश्रणात हवा शिरून रंग फिका पडतो. थंडीने जिभेला गोडी आणि सुगंध दोन्ही कमी जाणवतात, त्यामुळे एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीला अर्धी वाटी साखरेचा पाक लागतोच. मात्र साखर वाढवत गेलो तर मिश्रण गोठेनासे होते. मूळ कृतीतल्या स्ट्रॉबेऱ्या मे महिन्यात इथे कोठून आणणार? त्याऐवजी जालन्याची मोसंबी आहे, जिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिच्यात आंबटपणा कमी असल्याने जोडीला लिंबू हवेच. कलिंगडाच्या गोठवलेल्या फोडी घातल्या तर वेगळा बर्फ घालून वाइन पातळ करावी लागत नाही, आणि माझ्या मते मोसंबीपेक्षाही ही जोडी सरस आहे.

हे पेय गोड आणि थंड असल्याने त्यातली वाइन जाणवत नाही आणि पेला भरभर रिकामा होतो. एक बाटली पाच जणांत वाटावी. फ्रीजरमधल्या डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे, कारण घरातल्या मुलांना तो गुलाबी बर्फाचा गोळाच वाटेल. उरलेले मिश्रण आठवडाभर सहज टिकते, परंतु मोसंबीचा रस ठेवून दिला की कडवट होतो; म्हणून जेवढे त्याच वेळी संपणार असेल तेवढ्यातच तो घालावा आणि बाकीची वाइन नुसत्या पाकासह पुन्हा गोठवावी.